कॅलिफोर्नियात नोटरी पब्लिक कुणी झालंय का? आणि सासूबाईंची पॉवर ऑफ ॲटर्नी मीच नोटराइझ केली तर चालेल का?

फ्रीमाँटची_सांगलीकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मूळची सांगलीची, फ्रीमाँटला येऊन नऊ वर्षं झाली, मागच्या वर्षी ग्रीन कार्ड आलं आणि आता एका टॅक्स भरून देणाऱ्या छोट्या ऑफिसात अर्धा दिवस जाते. तिथे रोज दोनतीन जण तरी डोकावून विचारतात की इथे नोटरी आहे का, आणि आम्ही त्यांना पलीकडच्या मेलबॉक्सच्या दुकानात पाठवतो. परवा बॉस म्हणाला तूच का होत नाहीस, खर्च ऑफिस करेल. मला हसूच आलं. माझ्या डोक्यात नोटरी म्हणजे कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलेले काळ्या कोटातले वकीलसाहेब, बाजूला स्टॅम्पपेपरवाला आणि टायपिस्ट. मी साधी बीकॉम, कायद्याशी संबंध एवढाच की कॉलेजात बिझनेस लॉला ४१ मार्क पडले होते.

पण बॉस म्हणतो की इथे वकील असायची गरज नाही. खरंच का? सिटिझन नसेल तर चालतं का? परीक्षा असते म्हणे ती कितपत अवघड, एकूण खर्च किती, आणि बॉसने पैसे भरले तर उद्या मी नोकरी सोडली की शिक्का त्याचा की माझा?

आणि मनातला खरा प्रश्न. सासूबाई गेली तीन वर्षं आमच्याकडेच असतात, सांगलीतला त्यांच्या नावावरचा फ्लॅट विकायचाय आणि त्यासाठी धाकट्या दिरांच्या नावे पॉवर ऑफ ॲटर्नी करायचीय. मी नोटरी झालेच तर ती घरीच होऊन जाईल ना? ह्यांचं म्हणणं आहे की तेवढेच पैसे वाचतील. म्हटलं आधी तुम्हाला विचारावं.

सनीवेल_काका

ताई, मी आठ वर्षं करतोय, चालू आहे ते दुसरं कमिशन (म्हणजे नोटरीची नेमणूक), म्हणून जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

वकील असायची गरज नाही, हे खरं. वय १८ पूर्ण आणि कॅलिफोर्नियाचे कायदेशीर रहिवासी, बस. सिटिझनशिपची अट नाही. पहिल्यांदा करणाऱ्याला सेक्रेटरी ऑफ स्टेटने, म्हणजे नोटरी नेमणाऱ्या राज्याच्या खात्याने, मान्य केलेला सहा तासांचा कोर्स करावा लागतो, ऑनलाइन होतो, आणि पुढे दर वेळी कमिशन संपायच्या आत रिन्यू केलंत तर तीन तासांचा. मग लेखी परीक्षा, पर्यायवाली, पास व्हायला ७० लागतात. परीक्षा आणि अर्ज मिळून ४० डॉलर, आणि नापास झालात तर त्याच महिन्यात परत बसता येत नाही, पुढच्या महिन्याची वाट बघायची.

परीक्षेला जाताना कोर्सचं सर्टिफिकेट, भरलेला अर्ज, पासपोर्ट साइझचा म्हणजे २ बाय २ इंचाचा रंगीत फोटो, ओळखपत्र आणि चेक, हे सगळं बरोबर लागतं. आमच्या बॅचला एक जण फोटो विसरला होता आणि त्याला दारातूनच परत पाठवलं, बिचारा दीड तास गाडी चालवून आला होता.

अवघड आहे का म्हणाल तर नाही, पण अंदाजपंचे जाल तर आपटाल. सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या साइटवर हँडबुक फुकट मिळतं, तेच दोनदा वाचा, बाहेरच्या महागड्या नोट्स घेऊ नका. प्रश्न सगळे मुदतींवर आणि दंडावर फिरतात. पत्ता बदलला तर ३० दिवसांत कळवायचं, पण शिक्का किंवा जर्नल हरवलं तर ताबडतोब. पर्यायांमध्ये दोन्ही ठेवतात आणि आपण घाईत चुकीच्यावर टिक करतो. ४१ मार्कांचा बिझनेस लॉ विसरा, इथे पाठांतर लागतं आणि ते आपल्या मराठी शाळांनी भरपूर करून घेतलंय.

पास झालात की लाइव्ह स्कॅन, म्हणजे बोटांचे ठसे, ते राज्याच्या जस्टिस खात्याकडे आणि एफबीआयकडे जातात. एक लक्षात ठेवा, अर्जात गुन्ह्यांबद्दल विचारतात तिथे जुनं काही असेल तर लपवू नका. कधीकाळच्या क्षुल्लक भानगडीपेक्षा ती लपवली म्हणून अर्ज नाकारला जायची शक्यता जास्त.

मग कमिशन येतं, चार वर्षांचं. १५,००० डॉलरचा बाँड काढायचा. त्याचा आकडा बघून घाबरू नका, तेवढे भरायचे नसतात, मला चार वर्षांचे मिळून चाळीसेक डॉलर पडले. पण लोकांचा इथे एक घोळ होतो, त्यांना वाटतं की बाँड म्हणजे आपला इन्शुरन्स. तो आपला नाहीच, लोकांचा आहे. तुमच्या चुकीने कुणाचं नुकसान झालं तर बाँड कंपनी त्याला देईल आणि मग तुमच्याकडून वसूल करेल. स्वतःसाठी हवं असेल तर चुकांचा विमा वेगळा मिळतो, सक्तीचा नाही, पण मी घेतलाय.

बॉसच्या प्रश्नाचं उत्तर: खर्च त्याने केला तरी शिक्का तुमचा आणि जर्नलही तुमचं. नोकरी सोडताना दोन्ही घेऊन बाहेर पडायचं. ऑफिसात असतानासुद्धा ते कुलपात आणि किल्ली फक्त तुमच्याकडे, बॉसलाही हात लावू द्यायचा नाही. हे त्याला आधीच सांगून टाका, नंतर वाईटपणा नको.

ट्रेसीवाला_पक्या

काकांनी सगळं सांगितलं पण जिथे माझा बाजार उठला ते राहिलंच, म्हणून लिहितोय.

कमिशनचं पाकीट घरी आलं म्हणजे तुम्ही नोटरी झालात असं नाही!! कमिशनची जी सुरुवातीची तारीख छापलेली असते त्या तारखेपासून ३० दिवसांत तुमच्या काउंटीच्या क्लार्ककडे जाऊन शपथ घ्यायची आणि शपथ नि बाँड दोन्ही फाइल करायचं. ३० म्हणजे कॅलेंडरचे ३०, शनिवार रविवार सुट्ट्या सगळं धरून. पाकीट तुमच्या हातात कधी पडलं याच्याशी काही देणंघेणं नाही.

मी काय केलं, परीक्षा पास, ठसे झाले, म्हटलं आता येईल तेव्हा येईल आणि दिवाळीला गेलो कोल्हापूरला पाच आठवडे. पाकीट इकडे येऊन शेजाऱ्याकडे पडलं. शेजाऱ्याने इमानेइतबारे फोन केला होता की काहीतरी सरकारी आलंय, मी म्हटलं ठेव, आल्यावर बघतो. आलो, फोडलं, मोजलं तर तेहतिसावा दिवस. क्लार्कच्या खिडकीवरची बाई चांगली होती, तिने हळहळ व्यक्त केली आणि सांगितलं की काही करता येत नाही, मुदतवाढ नावाचा प्रकारच नाही. परत अर्ज. बायको अजून चिडवते, म्हणते चकली खाण्यात कमिशन घालवलं.

तर ताई, अर्ज केल्यानंतर इंडियाचं तिकीट काढू नका.

फ्रीमाँटची_सांगलीकर

बापरे पक्यादादा 😄 हसू की रडू कळेना. नोंद घेतली.

काका, खूप खूप आभार, एवढं तर बॉसनेही सांगितलं नव्हतं. म्हणजे आमच्यासाठी अलामेडा काउंटी, ओकलंडला जायचं ना? आणि मग मी फक्त अलामेडा काउंटीतच शिक्का मारू शकते का? आमचे निम्मे कस्टमर सॅन होजेचे आहेत.

सासूबाईंचं मात्र कुणीच बोललं नाही.

सनीवेल_काका

हो, तुमचं ऑफिस ज्या काउंटीत तिथला क्लार्क. पण अधिकार अख्ख्या राज्यात चालतो. फक्त सर्टिफिकेटवर काउंटी लिहायची ती जिथे बसून सही झाली तिची, तुमच्या शिक्क्यातली नव्हे. सॅन होजेत जाऊन केलंत तर सांता क्लारा लिहा. नवीन लोक इथे हमखास चुकतात, मीही चुकलो होतो.

सासूबाईंचं मुद्दाम सोडलं, कारण त्यावर बोलायला आपल्या इथे माझ्यापेक्षा अनुभवी माणसं आहेत.

जोशीबुवा_डॅलस

यात काय विचारायचंय, बिनधास्त करा. कायद्यात नातेवाइकांना बंदी नाहीये, मी टेक्ससमध्ये मेव्हण्याचे कागद केलेत. तुमचं नाव कागदात नाही ना? मग झालं तर.

शिक्केवाली_मावशी

जोशीबुवा, थांबा जरा. ताई, मी साउथ बेमध्ये गाडी घेऊन फिरणारी नोटरी आहे, घरी, हॉस्पिटलात, पार्किंगमध्ये बॉनेटवर, सगळीकडे सह्या घेतल्यात. काका बहुधा माझ्याबद्दलच म्हणतायत.

बुवांचं अर्धं बरोबर आहे. कॅलिफोर्नियातही नात्यावर सरसकट बंदी नाही. बंदी आहे ती त्या व्यवहारात तुमचा थेट आर्थिक किंवा दुसरा काही फायदा असेल तर. आता सांगा, फ्लॅट विकून येणारा पैसा सासूबाईंचा, त्या राहतात तुमच्या घरात, त्यांचा एक मुलगा तुमचा नवरा आणि दुसऱ्याच्या नावे पॉवर. उद्या दोन भावांचं काही बिनसलं, देव न करो, पण बिनसलं, तर पहिला प्रश्न काय येईल? म्हातारीकडून सही कुणी घेतली, सुनेने. कायद्यात बसत असलं तरी १५ डॉलरसाठी हे गळ्यात कशाला घ्यायचं. दुसऱ्या नोटरीकडे जा. अहो मी माझ्या सख्ख्या बहिणीला दुसरीकडे पाठवलंय, ती आठवडाभर बोलत नव्हती.

आता १५ डॉलर म्हटलं त्यावरून. एका सहीला जास्तीत जास्त १५ घेता येतात, त्याच्या वर एक सेंट नाही. तीन जणांच्या सह्या असतील तर पंचेचाळीस. जायचा-यायचा चार्ज वेगळा ठरवून घेता येतो आणि आमचं पोट त्यावरच चालतं. टॅक्सच्या ऑफिसात बसून काही बंगला होणार नाही, पण गिऱ्हाईक आत येतं हा बॉसचा फायदा.

पैसे, परीक्षा हे सगळं होईल हो. अवघड काय आहे सांगू? आपल्याच लोकांना नाही म्हणणं. आपल्याकडे सगळ्यांच्या डोक्यात तोच झाडाखालचा नोटरी बसलाय ना, त्याने शिक्का मारला की कागद खरा. इथे तसं नाही. इथल्या ॲकनॉलेजमेंटच्या, म्हणजे 'ही सही माझीच' असं कबूल केल्याच्या, सर्टिफिकेटवर वरती चौकटीत छापलेलंच असतं की नोटरी फक्त सही करणाऱ्याची ओळख तपासतो, कागदातला मजकूर खरा आहे की खोटा हे बघत नाही. पण कोण वाचतं? मला फोन येतात ते असे:

"मावशी, बाबा पुण्यात आहेत, व्हिडिओ कॉलवर सही करतील, तुम्ही शिक्का मारा." नाही. माणूस समोर हवा. व्हिडिओवरून नोटरी करायचा कायदा इथे २०२३ मध्ये झाला खरा, पण त्याची यंत्रणा उभी करायला २०३० पर्यंतची मुदत आहे, तोवर आपल्या शिक्क्याला ते लागू नाही.

"आईचं आधार कार्ड चालेल ना?" नाही. इथल्या यादीत आधार नाही. सासूबाईंचं कॅलिफोर्नियाचं ओळखपत्र डीएमव्हीतून, म्हणजे इथल्या आरटीओतून, काढून ठेवलंय का? नसेल तर आधी ते करा, पुढची निम्मी कटकट वाचते.

"डिग्रीच्या झेरॉक्सवर ट्रू कॉपी मारून द्या." हे तर रोजचं. आपल्याकडे गॅझेटेड ऑफिसरकडून अटेस्ट करून घ्यायची सवय लागलीय. कॅलिफोर्नियाचा नोटरी पॉवर ऑफ ॲटर्नीची आणि स्वतःच्या जर्नलची सोडून कशाचीच कॉपी सर्टिफाय करू शकत नाही. मी सांगते की तुम्ही स्वतःच एक निवेदन लिहा की ही माझ्या मूळ कागदाची खरी प्रत आहे, माझ्यासमोर शपथ घेऊन सही करा, मी त्या शपथेचं करते, त्याला जुरॅट म्हणतात. ज्या ऑफिसला कागद द्यायचाय त्यांना हे चालतं का ते मात्र त्यांनी त्यांचं विचारून यायचं.

आणि सगळ्यात वाईट, "तुम्हीच मसुदा लिहून द्या ना, तुम्हाला येतं की." येतं म्हणून काय झालं, आपण वकील नाही. कोणतं सर्टिफिकेट लावू हेसुद्धा आपण ठरवायचं नाही, गिऱ्हाइकाने सांगायचं. तुमचं टॅक्सचं ऑफिस आहे म्हणून मुद्दाम सांगते, तिथे लोक इमिग्रेशनचे फॉर्म घेऊन येणारच आणि विचारणार, यात काय भरू. हात वर करा.

मराठीत जाहिरात करणार असाल तर अजून एक. इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत नोटरीची जाहिरात केली तर त्याच जाहिरातीत, इंग्रजीत आणि त्या भाषेतही, लिहावं लागतं की मी वकील नाही आणि इमिग्रेशनचा किंवा कुठलाच कायदेशीर सल्ला देऊ शकत नाही, शिवाय फीचे सरकारी दर द्यायचे. हा नियम मुख्यतः स्पॅनिश बोलणाऱ्यांना फसवायचे त्यावरून आला. मेक्सिकोकडे नोतारियो म्हणजे मोठा वकील, आणि इथले लबाड लोक तशी पाटी लावून बिचाऱ्यांचे पैसे उकळायचे. नियम मोडला तर पहिल्या वेळी किमान वर्षभर कमिशन निलंबित, दुसऱ्या वेळी कायमचं गेलं. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "आता घरबसल्या मराठीत नोटरी!!" असं टाकायच्या आधी हे वाचा, मी टाकलं होतं, एका भल्या माणसाने खाजगीत कळवलं तेव्हा घाबरून पुसलं.

मराठी येण्याचा फायदा मात्र खरा आहे. सही करणाऱ्याशी नोटरीला स्वतः बोलता आलं पाहिजे, मध्ये दुभाषा चालत नाही. मुलगा शेजारी बसून भाषांतर करेल हे जमत नाही. त्यामुळे ज्यांच्या आईवडिलांना इंग्रजी जड जातं ते माझ्याकडे येतात. एकदा एका आजींनी सहीआधी मला विचारलं, बाळ, हे मी देतेय की घेतेय? मी म्हटलं आजी, ते तुम्ही मला सांगायचं. त्यांना सांगता येईना. मी बॅग भरली आणि निघाले. मुलगा तावातावाने गाडीपर्यंत मागे आला होता.

फ्रीमाँटची_सांगलीकर

मावशी 🙏 शेवटचं वाचून अंगावर काटा आला. सासूबाईंचं दुसरीकडेच करते. त्या तशा खमक्या आहेत, ३१ वर्षं शाळेत शिकवलंय, कुणी फसवायचं म्हटलं तर त्यालाच पट्टी मिळेल.

जर्नल जर्नल म्हणताय ते नक्की काय असतं? आणि दुसऱ्या नोटरीकडे गेलो की तो कागद सांगलीत तसाच चालतो का?

शिक्केवाली_मावशी

जर्नल म्हणजे वही, एका वेळी एकच चालू, ओळीने भरायची. तारीख, वेळ, कशाचा कागद, कोणत्या ओळखपत्रावर ओळखलं त्याचा नंबर नि तारखा, फी किती घेतली, आणि त्या माणसाची सही. घराजमिनीचा कागद किंवा पॉवर ऑफ ॲटर्नी असेल तर सहीसोबत उजव्या अंगठ्याचा ठसा पण. हा ठसा विसरलात तर अडीच हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो म्हणून मी शाईची डबी बॅगेत दोन दोन ठेवते. नोटरीगिरी सोडली की सगळ्या वह्या ३० दिवसांत काउंटी क्लार्ककडे जमा. सांगलीचं पेठेतल्या वकीलसाहेबांना विचारा, ते इथे असतात.

पेठेतला_वकील

हजर. पुण्यातून लिहितोय, इथे रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि तुमच्या सहा तासांच्या कोर्सचं वाचून मी उठून पाणी प्यायलो.

आमच्याकडे नोटरी व्हायचं तर नोटरीज ॲक्ट १९५२ आणि १९५६ चे नियम. किमान दहा वर्षं वकिली झालेली पाहिजे, महिला आणि मागास प्रवर्गातल्या वकिलांना सात. मग सरकारकडे अर्ज, चौकशी, मुलाखत, जागा किती आहेत ते बघणं, आणि मग पाच वर्षांचं प्रमाणपत्र. केंद्र सरकारही नेमतं आणि राज्य सरकारही. मी अर्ज केला तेव्हा केस काळे होते, मिळालं तेव्हा नव्हते. असो. पण मावशी म्हणतात ते इथेही तितकंच लागू आहे, नोटरी केली म्हणजे व्यवहार पक्का झाला हा गैरसमज इकडेच जन्माला आला. लोक अजून नोटरी केलेल्या कागदावर जागा विकत घेतात आणि पाच वर्षांनी माझ्यासमोर रडत बसतात. रजिस्ट्रेशन ते रजिस्ट्रेशन.

आता सांगलीचं. सूनबाई, नीट वाचा.

नोंदणी कायदा १९०८, कलम ३३. पॉवर देणारी व्यक्ती भारतात राहत नसेल तर तिची पॉवर नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी किंवा भारतीय वकिलातीतल्या अधिकाऱ्यापुढे केलेली आणि त्याने प्रमाणित केलेली लागते. पुढे केलेली, हे शब्द महत्त्वाचे. तुमच्या कॅलिफोर्नियात ॲकनॉलेजमेंट प्रकारात सही आधीच करून आणली आणि नोटरीपुढे येऊन 'ही माझीच' म्हटलं तरी चालतं. तुमच्या कायद्याला ते ठीक आहे, पण आमच्या दुय्यम निबंधकाने शंका काढली तर कोण उत्तर देणार? म्हणून सासूबाईंना सही नोटरीसमोरच करायला लावा, घरून करून नेऊ नका. प्रत्येक पानावर सही घ्या, फोटो लावा.

मग अपोस्टिल. परदेशी कागद एकमेकांकडे चालावेत म्हणून जो हेग करार आहे, त्यात भारत २००५ पासून आहे. तुमच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या सॅक्रामेंटो किंवा लॉस एंजेलिसच्या ऑफिसातून तो कागद चिकटवून घ्यायचा, तो सांगतो की हा नोटरी खरा आहे. वकिलातीतून करून घ्यायचा दुसरा रस्ताही आहे, पण दोन्ही करत बसू नका.

तिसरं, आणि इथे सगळे झोपतात. मूळ कागद महाराष्ट्रात पोचला की पोचल्यापासून तीन महिन्यांत इथली स्टॅम्प ड्युटी भरून घ्यायची, महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाचं कलम १८. दीर पाकीट कपाटात ठेवतील आणि गिऱ्हाईक मिळाल्यावर काढतील, तसं नको. कुरियरचं पाकीटसुद्धा जपून ठेवायला सांगा, कधी पोचलं त्याचा पुरावा तोच.

आणि सगळ्याच्या आधी, मसुदा सांगलीत ज्या ऑफिसला दस्त होणार तिथे कुणा वकिलाकरवी दाखवून घ्या. फ्लॅट विकण्याचा, पैसे स्वीकारण्याचा, दस्तावर सही करून तो नोंदवण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत हवा. 'सर्व कामे करणे' असं मोघम लिहिलेल्या कागदावर दिराला परत पाठवतील आणि तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून.

एचफोर_ची_व्यथा

मध्येच घुसतेय, सॉरी. मी एच फोरवर, म्हणजे नवऱ्यामुळे मिळालेल्या व्हिसावर आहे, ईएडी म्हणजे कामाचा परवाना आहे, मला करता येईल का? आणि नवऱ्याला, तो कंपनीच्या एच वन व्हिसावर आहे, वीकेंडला करायचं म्हणतोय.

सनीवेल_काका

कमिशन मिळणं वेगळं आणि त्यावर पैसे कमावणं वेगळं. तुम्हाला ईएडी आहे, ती चालू असेपर्यंत काम करता येतं. नवऱ्याला मात्र सांगा गप्प बस, एच वन ज्या कंपनीचा आहे तिच्याबाहेर वीकेंडला फी घेणं म्हणजे परवानगीशिवायचं काम. १५ डॉलरपायी ग्रीन कार्डची रांग सोडायची का? आणि नेमकं काय ते तुमच्या इमिग्रेशन वकिलाला विचारा, मी नोटरी आहे, मावशींनी काय सांगितलं वर? 😄

जोशीबुवा_डॅलस

मावशी, मानलं. मेव्हण्याच्या कागदांचं आता मलाच टेन्शन आलंय.

शिक्केवाली_मावशी

टेक्ससचं टेक्सस जाणे बुवा, प्रत्येक राज्याचं वेगळं असतं. तुमचं हँडबुक काढा नि वाचा, रविवारचा वेळ जाईल.

फ्रीमाँटची_सांगलीकर

मंडळी, बऱ्याच दिवसांनी आले, अपडेट देते.

कोर्स केला, पास झाले. प्रश्न खरंच मुदतींवरच होते, काका, एका ठिकाणी मी ३० दिवसांवर टिक करून परत खोडलं, तुमची आठवण आली. ठसे देऊन झाले. पाकीट यायची वाट बघतेय, रोज पोस्टाची पेटी उघडते, ह्यांनी दिवाळीच्या तिकिटांचा विषय काढला तर मी पक्यादादांची गोष्ट वाचून दाखवली. बॉसला शिक्का माझा राहणार हे सांगितलं, तो जरा वेळ गप्प झाला आणि मग म्हणाला ठीक आहे, पण निदान दोन वर्षं तरी राहा.

सासूबाईंचंही झालं. वकीलसाहेब, मसुदा सांगलीला आधी दाखवून घेतला, त्यांनी दोन वाक्यं बदलायला सांगितली. सासूबाईंचं डीएमव्हीचं कार्ड होतं ते बरं झालं. दुसरी नोटरी शोधली, गुजराती बाई आहेत, सासूबाई त्यांच्याशी हिंदीत बोलल्या. प्रत्येक पानावर समोर सही केली, मोत्यासारखं अक्षर, फळ्यावर लिहितात तसं. आता कागद सॅक्रामेंटोला जातोय.

फक्त शेवटी त्या बाईंनी वही पुढे केली आणि शाईची डबी उघडून म्हणाल्या अंगूठा दीजिए, तर सासूबाईंनी हात मागेच घेतला. मला म्हणतात, अगं ३१ वर्षं मुलांना सही करायला शिकवली मी, आणि हिला काय मी अंगठेबहाद्दर वाटले? मी समजावलं की आई, फ्लॅटच्या कागदाला इथे सगळ्यांचाच घेतात, कलेक्टर आला तरी. मग दिला. पण घरी येईपर्यंत टिश्यूने तो अंगठा पुसत होत्या.